जोर की बैठक?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी आम्ही तीन मराठी कुटुंबे अल-खोबरहून हाफ मून बेला सहलीला गेलो होतो. थालीपीठ, दही, शेंगदाण्याची चटणी असा सगळा सरंजाम बरोबर. समुद्र आणखी जवळून पाहावा म्हणून एका मित्राने आपली साधी मोटार डांबरी रस्ता सोडून वाळूत घातली आणि व्हायचे तेच झाले. पुढची चाके निम्मी आत. आम्ही चार बाप्ये मागे लागलो. त्यात आमचे चिरंजीव. वय वर्षे सतरा, रोज संध्याकाळी कंपाउंडमधल्या जिममध्ये दीड तास, दंड माझ्या मांडीएवढे. ‘एक, दोन, तीन’ म्हणून सगळ्यांनी जोर लावला. मोटार जागची हलली नाही, आम्ही मात्र मागे गेलो. हातांनी जितके जोरात ढकलावे तितके पाय मागे घसरत होते. ‘पायाखालची वाळू सरकणे’ हा वाक्प्रचार शाळेत अनेकदा वापरला होता, त्याचा शब्दशः अर्थ इतक्या वर्षांनी सौदी अरेबियात कळला.

एवढ्यात पाण्याच्या टँकरचा एक पठाण चालक थांबला. पन्नाशीचा, सडपातळ गृहस्थ. त्याने आधी चाकांतली थोडी हवा सोडली. मग आमच्याकडे न बघता मोटारीकडे पाठ केली, डिकीखाली दोन्ही हात घातले, खुर्चीत बसावे तसा खाली बसला, टाचा वाळूत रुतवल्या आणि पायांनी उठला. आम्ही दोघेतिघे बाजूने लागलो. मोटार निघाली. चहाचा कप हातात घेऊन तो हसत चिरंजिवांना म्हणाला, “बेटा, हाथ अच्छे हैं. पैर कहाँ हैं?”

परतीच्या वाटेवर मोटारीत शांतता होती. मला मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, कोल्हापुरात, अगदी हाच प्रश्न दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकल्याचे आठवत होते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता हा लेख झाला. मी इतिहासकार नाही. माझी डॉक्टरेट यांत्रिकीतली, तीही घर्षणाच्या विषयातली, आणि पोटापाण्याचा धंदा संगणकाच्या प्रोग्रॅमचा. त्यामुळे वाचकहो, इतिहासात मध्येच कुठे न्यूटन डोकावला तर सांभाळून घ्या.

भाषेचा पक्षपात

आमचे थोरले काका, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तरुणपणी तालमीत राहिलेले. आसपासच्या जत्रांतल्या मैदानांत रेवड्यांच्या कुस्तीपासून चांदीच्या कड्यापर्यंत मजल मारलेली. मी सहावी-सातवीत असताना ते मला पहाटे तालमीत घेऊन जात. मारुतीला नमस्कार, मग हौद. ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मळलेली ती लाल माती! तिचा वास आजही अत्तराच्या दुकानाशेजारून जाताना उगाचच आठवतो. मोठे पैलवान आधी खोऱ्याने सगळा हौद उकरून काढत, मग जोर, मग बैठका, मग लढती. मला अर्थातच जोर आवडत. चार जोर मारले की आरशासमोर दंड फुगवून बघायची सोय असे. बैठकांना मी टंगळमंगळ करी. आबा म्हणत, “हात दिसत्यात म्हून करतोस व्हय? पाय कुठं हाईत तुझं?”

यात माझा एकट्याचा दोष नव्हता. आपली भाषाच बघा. जमिनीवर हात टेकून काढायच्या व्यायामाला आपण चक्क ‘जोर’ म्हणतो, म्हणजे साक्षात शक्ती. आणि पायांच्या व्यायामाला? ‘बैठक’! सतरंजी अंथरून गप्पा मारायच्या असाव्यात असे नाव. बाहुबल, मनगटातला जोर, दंड थोपटणे, छातीठोकपणे सांगणे, खांद्याला खांदा लावणे. पराक्रमाचे सगळे शब्द कमरेच्या वरचे. पायांच्या वाट्याला काय आले? पाय घसरला, पाय काढता घेतला, पायात पाय अडकला, पाय खोलात गेला. एक ‘पाय रोवून उभे राहणे’ तेवढे मानाचे. आणि माझ्या मते सगळी मल्लविद्या त्या एका वाक्प्रचारात सामावलेली आहे. ते पटवून देण्यासाठी मात्र जरा जपानला जाऊन यायला हवे.

पाऊण मणाची मांडी

आपल्याकडे ‘सुमो’ हा शब्द घरोघर पोचला तो १९९४ साली आलेल्या टाटांच्या गाडीमुळे. गंमत अशी, की त्या नावाचा जपानी मल्लांशी संबंध नाही. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावाचे आणि आडनावाचे पहिले अक्षर घेऊन ते बनले. पण खरे सुमो दूरचित्रवाणीवर पाहिल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘नुसती चरबी!’ मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत होतो.

तो गैरसमज जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात मोजमाप करून दूर केला. काही सुमो मल्लांच्या शरीरातली चरबी पूर्ण वजा केली तरी उरलेले वजन १०० किलोंच्या वर भरते, असे त्यांना आढळले. चरबी काढून टाकलेला शंभर किलोंचा माणूस! मोठमोठ्या शरीरसौष्ठवपटूंनाही हा आकडा गाठणे कठीण. तेव्हा आत भरपूर स्नायू आहे आणि वर गादी घातलेली आहे, एवढेच.

सुमोचे नियम अतिशय सोपे. भिजवून ठोकून घट्ट केलेल्या मातीचा ओटा, त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्यांचे ४.५५ मीटर व्यासाचे रिंगण. जो रिंगणाबाहेर जाईल किंवा ज्याच्या तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकेल, तो हरला. बोट टेकले तरी हरला. वजनगट नाहीत. शंभर किलोंचा मल्ल अडीचशे किलोंच्या मल्लासमोर उभा राहू शकतो आणि राहतो. लढत बहुधा काही सेकंदांत संपते. जिंकण्याचे अधिकृत डाव ८२ आहेत, पण जवळपास निम्म्या लढतींचा निकाल दोनच प्रकारांनी लागतो. कमरेचा पट्टा धरून बाहेर रेटणे, नाहीतर हातांनी ढकलून बाहेर काढणे.

आता ढकलायचे म्हणजे हाताचे काम, असे आपल्याला वाटते. मग त्यांचा रोजचा व्यायाम पाहा. पहिला मान ‘शिको’ला. पाय फाकवून अर्धे बसायचे, एक पाय बाजूला जमेल तितका उंच न्यायचा, दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा आणि उचललेला पाय जमिनीवर आदळून पुन्हा बसायचे. असे शेकडो वेळा. दुसरा ‘सुरिआशी’. बसक्या अवस्थेतच, तळपाय जमिनीवरून न उचलता, घासत पुढे सरकायचे. तिसरा ‘तेप्पो’. लाकडी खांबाला तळहाताने धक्के द्यायचे. हा तरी हाताचा वाटतो ना? पण त्यात उजव्या हाताबरोबर उजवा पाय आणि डाव्याबरोबर डावा पाय पुढे यावा लागतो. म्हणजे धक्का निघतो पायातून, हाताकडे काम फक्त पोचवण्याचे. शिवाय दोन्ही पाय फाकवून छाती जमिनीला टेकवण्याचा एक व्यायाम असतो, तो बघतानाच आपल्या डोळ्यांत पाणी येते.

थोडा न्यूटन

दोन मल्ल एकमेकांना ढकलत आहेत. ‘अ’ जितक्या जोराने ‘ब’ला ढकलतो, बरोबर तितक्याच जोराने ‘ब’ ‘अ’ला ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम, तिथे वशिला चालत नाही. म्हणजे जिथे छातीला छाती भिडली आहे तिथे कोणीच कोणापेक्षा जास्त ढकलू शकत नाही! मग कोण मागे सरकणार? ज्याचे पाय आधी सुटतील तो. निकाल छातीपाशी नाही, तळपायाशी लागतो. हात पोलादी असले तरी तळपाय जेवढे घर्षण देतील तेवढाच धक्का देता येतो. त्याहून जास्त दिला तर आपणच मागे जातो. हाफ मून बेला आमचे तेच झाले.

आता घर्षण अवलंबून असते जमिनीवर पडणाऱ्या भारावर. म्हणून सुमोत वजन हवे. पण खरी खुबी पुढे आहे. समजा दोघेही १५० किलोंचे आणि मातीचा घर्षणांक ०.६. म्हणजे प्रत्येकाचे पाय ९० किलोंपर्यंतचा रेटा सोसतील. बरोबरी. आता ‘अ’ने खाली बसून ‘ब’च्या काखेत किंवा पट्ट्यात हात घातले आणि त्याला नुसते ३० किलोंनी वर उचलून धरले. पाय जमिनीवरून सुटले नाहीत, फक्त हलके झाले. ‘ब’चा जमिनीवरचा भार आता १२०, आणि ते ३० किलो कुठे गेले? ‘अ’च्या पायांवर आले. त्याचा भार १८०. आता ‘ब’चे पाय ७२ किलोंना सुटतील, ‘अ’चे १०८ला. एकही किलो वजन न वाढवता ‘अ’ दीडपट पक्का झाला!

म्हणजे हातांचे काम ढकलणे हे नव्हेच. हातांचे काम समोरच्याच्या पायांखालचे वजन चोरून आपल्या पायांखाली आणणे. आणि ही चोरी करायची तर कंबर त्याच्या कमरेखाली हवी, म्हणजे पुन्हा मांड्या हव्यात. त्या पठाणाने न्यूटन वाचला नसेल, पण डिकीखाली हात घालून तो वरच्या दिशेने उठला तेव्हा त्याने मोटारीचा भार घेऊन आपल्याच टाचा वाळूत रोवल्या होत्या.

दोन योकोझुना

मग कमरेच्या वरचे शरीर बिनकामाचे का? तसे म्हणू नका. चियोनोफुजी हा १९८१ साली योकोझुना झालेला, म्हणजे सुमोच्या सर्वोच्च पदावर पोचलेला मल्ल. वजन १२० किलोंच्या आसपास, त्या जगात किरकोळच. त्याच्या मागे एक दुखणे होते. खांदा वारंवार निखळायचा. खांद्याभोवती स्नायूंचे कडे उभे करणे हा एकच इलाज होता, म्हणून तो रोज शेकडो जोर काढू लागला. होय, आपले जोर! त्या खांद्यांच्या बळावर, त्याच्या दुपटीहून जड मल्ल समोर येत असताना, १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्याने ३१ स्पर्धा जिंकल्या. पट्ट्याला त्याचा डावा हात लागला की समोरच्याचे पाय हलके झालेच म्हणून समजायचे. उलट किसेनोसातो हा योकोझुना मार्च २०१७च्या स्पर्धेत डाव्या छाती-दंडाला जबर दुखापत होऊनही जिंकला खरा, पण तो हात पुन्हा पूर्ववत झाला नाही आणि जानेवारी २०१९मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. पाय शाबूत होते, पण पायांतले बळ पुढे पोचवणारा दुवाच तुटला होता.

दुसरे उदाहरण मंगोलियात जन्मलेल्या तेरुनोफुजीचे. २०१५ साली तो ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर पोचला आणि मग त्याचे गुडघे गेले. शस्त्रक्रिया झाल्या, मधुमेह जडला. घसरत घसरत २०१९ साली तो खालून दुसऱ्या विभागात गेला. आपल्याकडे रणजी खेळलेल्याने गल्लीत टेनिस बॉलने खेळावे तसे. तिथून तो पुन्हा वर चढला, जुलै २०२०मध्ये सर्वोच्च विभागाची स्पर्धा जिंकला आणि २०२१ साली योकोझुना झाला. दोन्ही गुडघ्यांना जाड पट्टे बांधून तो रिंगणात येई आणि घाई न करता समोरच्याचे हात आपल्या हातांत कुलूप लावल्यासारखे अडकवी. पायांनी दगा दिला तेव्हा वरच्या शरीराने पायांचे कष्ट वाचवले. तरी अखेर जानेवारी २०२५मध्ये गुडघ्यांनीच त्याला थांबवले. खांद्याला स्नायूंचे कडे घालता येते, गुडघ्याला तशी सोय नाही.

खासबागेची माती

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः धिप्पाड आणि कुस्तीचे दर्दी. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तसे मैदान आपल्या गावात हवे असे मनात घेतले. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मध्ये आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाचे पाय दिसावेत अशी! महाराजांनी पंजाबातले नामवंत मल्ल आणवले, तालमींना आश्रय दिला. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावे कुस्तीच्या जगात विद्यापीठांसारखी घेतली जाऊ लागली. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. पुढे गावोगावच्या जत्रा आणि साखर कारखान्यांनी कुस्तीचा खुराक चालवला.

आपल्या कुस्तीचा नियम सुमोच्या अगदी उलट. रिंगणाबाहेर ढकलून काही मिळत नाही. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लावायचे, चितपट करायचे. त्यामुळे उभ्याने जिंकता येत नाही, खाली जावेच लागते. खडाखडी होते, कुणी पट काढतो, समोरचा पालथा पडून माती धरतो, मग घिस्सा, मोळी, एकलांगी, निकाल असे डाव सुरू होतात. इथे मान, पाठ, पंजा यांची खरी परीक्षा. पालथ्या पडलेल्या जड माणसाला उलथवायचे म्हणजे पायांना रोवायला फारशी जागाच नसते.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला गामाचा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याची झिबिस्को या पोलिश मल्लाशी कुस्ती झाली. झिबिस्को बराच जड. सुरुवातीलाच खाली गेल्यावर त्याने मॅट धरली ती अडीच तासांहून अधिक वेळ सोडलीच नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळ्याला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. खाली बसायची संधीच दिली नाही. गामा रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढी असे सांगतात. आकडे आख्यायिकेचे म्हणून सोडून दिले, तरी त्यातले प्रमाण लक्षात घ्या. आख्यायिका रचणाऱ्यांनाही बैठका जोरांपेक्षा जास्तच हव्या होत्या.

आणि हे जोर-बैठक प्रकरण हात विरुद्ध पाय असे सरळ वाटलेलेही नाही. आपला तालमीतला जोर म्हणजे लष्करी ‘पुश-अप’ नव्हे. त्यात कंबर वर उचलून शरीराचा डोंगर करायचा, छाती जमिनीलगत खालून नेत नागासारखी वर काढायची आणि पुन्हा मागे जायचे. खांदे, पाठ, कंबर, पोटऱ्या सगळे एका दोरीत ओवले जाते. तेप्पोमध्ये जे घडते तेच इथे घडते, हात आणि पाय यांची गाठ मारली जाते. ‘हिंदू स्क्वॉट’ हे नाव आज जपानच्या व्यावसायिक कुस्तीत रोजच्या वापरातले आहे. ती आपली बैठक! कार्ल गॉच या युरोपातून आलेल्या मल्लाने भारतीय पैलवानांचे हे व्यायाम उचलले आणि जपानी शिष्यांकडून ते घाम फुटेपर्यंत करवून घेतले.

गोळेश्वरचा मुलगा आणि जपानी सुवर्ण

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (जन्म १५ जानेवारी १९२६) तुम्हाला माहीत आहेतच. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवून दिले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले. जन्म मातीत गेलेला, आणि लढायचे मॅटवर. उकरलेल्या मातीत पाय रुततो, ती पायाला धरून ठेवते, पण जागा बदलायला वेळ लागतो. मॅट पायाला सोडते. तिथे रोवून उभे राहण्यापेक्षा पटकन शिरण्याला किंमत, आणि वेळ संपला की गुणांवर निकाल. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना थोडे शिकवले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांत त्यांनी मातीतली ताकद न सोडता मॅटचा वेग कमावला. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. मान बगलेत दाबून, कमरेवर घेऊन फेकायचे. वरून पकड, खालून कंबर. दोन्ही एका क्षणी, नाहीतर काहीच नाही.

१९५२ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. खाशाबांनी लोकांकडून वर्गणी जमवली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२मध्ये बँटमवेट गटात खाशाबा कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून पुढे गेले, सोव्हिएत संघाचा माम्मादबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशिई यांच्याशी हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या शेवटच्या लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती मागायला भारताचा एकही पदाधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. अर्धा तास! थकलेल्या मांड्यांना अर्धा तास म्हणजे काय, हे बैठका मारलेल्या माणसाला विचारा.

सुवर्णपदक इशिईला मिळाले. तो मूळचा जुदो खेळणारा. युद्धानंतर अमेरिकी अंमलात जपानी शाळांत जुदोला बंदी आली, त्या काळात कुस्तीकडे वळलेल्यांपैकी एक. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. हरलेल्या जपानने त्या एका पदकावर कुस्तीची परंपरा उभारली. आणि आपण? कऱ्हाडला खाशाबांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांनी स्वतः कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा जमवला आणि आधी खर्डेकरांचे घर सोडवले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली टेनिसमध्ये मिळाले, आणि कुस्तीतले थेट २००८ साली. छप्पन्न वर्षांनी.

म्हणजे बघा, ढाक टाकणारा मल्ल होता, त्याच्या पायाखाली रोवायला जमीन मात्र नव्हती. ती एका प्राचार्याच्या घराची होती. खाशाबांना शक्ती कमी पडली नाही. न्यूटनच्या हिशेबाने सांगायचे तर घर्षण कमी पडले.

आबा

आबांचे शेवटचे दिवस गुडघ्यांनी फार अवघड केले. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही, वजन वाढले, तरुणपणी मुरगळलेला गुडघा आधी गेला आणि त्याचा भार घेऊन दुसरा. २०१० साली सुट्टीवर गेलो तेव्हा ते खाटेवर होते. त्यांना खुर्चीत बसवायचे होते. मी जवळ जाऊन दोन्ही हात पुढे केले आणि खांद्यांना धरून ओढू लागलो. माझ्या कमरेत कळ आली, ते जागचे हलले नाहीत. ते हसले.

“हातानं नगं उचलू. पायानं उचल. आदी माज्याजवळ ये. पोटाला पोट लाव. गुडघ्यात वाक. कंबर माज्या कमरंखाली घाल. आता काखंत हात घाल, आन नुसता उभा ऱ्हा.”

मी नुसता उभा राहिलो. पंच्याण्णव किलोंचे आबा माझ्याबरोबर उभे राहिले. पस्तीस वर्षे मैदानात राहिलेल्या माणसाने मला शिकवलेला तो शेवटचा डाव, आणि तो स्वतःवरच करवून घेतलेला. पुढच्याच वर्षी ते गेले. माझा पासपोर्ट तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत होता, एक्झिट-रीएंट्री व्हिसाचा शिक्का पडेपर्यंत तीन दिवस गेले. मी पोचलो तेव्हा घरी फक्त खाट होती. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी खाट असेल, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

हे सगळे मी चिरंजिवांना हाफ मून बेच्या त्या सहलीनंतर सांगितले. त्याच्या पिढीला कुस्ती म्हणजे २०१८पासून जेद्दा-रियाधला होणारे अमेरिकी करमणुकीचे मेळे. तिथे छात्या दिसतात, पायांकडे कुणी बघत नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “पण बाबा, बैठकांनीच आबांचे गुडघे गेले ना?” प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, बैठकांनी नसतील, पण बैठका सोडून खुराक चालू ठेवल्याने गेले असावेत. आणि दुखऱ्या गुडघ्यावर लढत राहिल्याने तर नक्कीच. तेरुनोफुजीचेही तेच झाले. पाय सगळे सहन करतात आणि बोलत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब वेळेवर ठेवायचा.

आता शुक्रवारी सकाळी कंपाउंडच्या हिरवळीवर बापलेक मिळून बैठका काढतो. त्याच्या पन्नास, माझ्या बारा. चौदाव्याला मी अजून पोचलेलो नाही. सौ. गॅलरीतून मोजते आणि खोट्या आकड्यांना मान्यता देत नाही. मागच्या महिन्यात एका सौदी सहकाऱ्याने घरी कब्सा खायला बोलावले होते. जमिनीवर मोठ्या थाळ्याभोवती मांडी घालून बसलो. जेवण झाल्यावर त्याचे पंचाहत्तरीचे वडील हात न टेकता सरळ उठले आणि मला उठवायला त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. पण आधी पाय जवळ घेतले, गुडघ्यात वाकलो आणि मग उठलो. हात फक्त मान राखण्यापुरता धरला होता.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरात तालमीत राहिलेले काका-मामा असतील, खासबागेतल्या एखाद्या मैदानाच्या आठवणी असतील, तर मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. मुलांना सांगायला उपयोगी पडतील. आणि वाळूत गाडी घालणार असाल तर आधी चाकांतली हवा सोडा.